मिल क्रीकला गेलो होतो

लॉयस टिडवेलने आयुष्यात कुणाला फसवलं नाही, आणि मासा कुठे धरला हे आयुष्यात कुणाला खरं सांगितलं नाही. नोकाली जलाशयाच्या काठावर राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

धंदा त्याचा बोअर मारण्याचा आणि पंप दुरुस्तीचा. माझ्या दुकानामागची बोअर त्यानेच मारली. मी दाखवलेल्या जागी मशीन लावून झाल्यावर त्याने जमिनीवर दोनतीनदा टाच आपटली आणि म्हणाला, "इमोजीन, इथे खोदलं तर मला काम मिळेल, तुला पाणी मिळणार नाही." मग स्वतःच मशीन उचलून पेकान झाडाच्या पलीकडे नेलं. ते पाणी मी आजही पिते. असा माणूस. पण त्याच माणसाला तुम्ही विचारा, "काय लॉयस, आज कुठे?" की तोंडावरची सुरकुतीही न हलवता उत्तर यायचं, "मिल क्रीकला गेलो होतो. वरच्या अंगाला." मिल क्रीक म्हणजे आमच्या जलाशयाला येऊन मिळणारा एक ओढा.

माझं दुकान होड्या उतरवायच्या धक्क्यावरच आहे. जिवंत आमिष, गळ, बर्फ, टोमॅटो सँडविच, गोड चहा. पहाटे सगळे माझ्याकडे येतात आणि एकमेकांना विचारतात, कुठे चाललास. विचारणं ही रीत आहे आणि खोटं सांगणं हीही रीतच आहे. खरी जागा सांगणारा माणूस आमच्याकडे वेडा तरी असतो किंवा पाहुणा तरी. फक्त एक पथ्य सगळे पाळतात. दुसऱ्याच्या मागे जायचं नाही. लपून बघायचं नाही. तसं करणाऱ्याशी लोक भांडत नाहीत, पण त्याच्या होडीत पुन्हा कुणी बसत नाही.

लॉयसने ही रीत जरा जास्तच मनावर घेतली होती. त्याच्या माशांचे फोटो माझ्या भिंतीवर आहेत. एकेक बास मासा असा की बघणाऱ्याने आवंढा गिळावा. पण फोटोत झाड नाही, आभाळ नाही, किनारा नाही. मासा आणि होडीचा तळ, एवढंच. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान स्वतःचं तोंड तरी येऊ दे फोटोत." तर म्हणाला, "माझ्या तोंडामागे काहीतरी दिसणारच ना."

आणि हे मासे तो धरायचा ऑगस्टच्या शेवटी, जेव्हा बाकीचे गळाच्या काठ्या भिंतीला टेकवून फुटबॉलच्या गप्पा मारत बसतात. तेव्हा आमच्याकडचं पाणी भांडी धुऊन उरलेल्या पाण्यासारखं कोमट असतं. मोठे बास, म्हणजे सगळ्या माद्याच, खोल सावलीत पोट टेकून पडून राहतात. भूक नसते असं नाही, पण कोमट पाण्यात त्यांना दम पुरत नाही. अशा वेळी घाई करणाऱ्याला त्या ढुंकूनही विचारत नाहीत. लॉयस जांभळं रबरी गांडूळ तळाशी सोडायचा आणि इतकं सावकाश ओढायचा की बघणाऱ्याला जांभया याव्यात. लागलेली मादी फार दमवायची नाही, झटकन वर घ्यायची, फोटो काढायचा, आणि पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवायची. ती स्वतःहून शेपटी मारून जाईपर्यंत हात सोडायचे नाहीत. एकही मोठा मासा त्याने घरी नेला नाही.

तो परत आला की त्याच्या पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत ओला असायचा. फक्त उजवा. आम्ही हसायचो, "म्हातारा होडीत चढताना घसरतो बहुतेक." जन्मभर जमिनीखालचं पाणी शोधणारा माणूस होडीतून पाय का सोडत असेल, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. जलाशयाच्या तळाशी कुठेतरी जुना झरा आहे, तिथे भर ऑगस्टात गार पाणी वर येतं, आणि तो ते पावलाने शोधायचा. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

कळलं होतं ते फक्त हर्शेल गॅनला. तो हे कुणाला सांगू शकत नव्हता.

हर्शेल आमच्या बॅप्टिस्ट चर्चचा डीकन होता, म्हणजे पाद्र्याच्या बरोबरीने चर्चचं सगळं बघणारा मानकरी. मयत असो की लग्न, खुर्च्या मांडायला पहिला आणि उचलायला शेवटचा. गुरं पाळायचा, गुरांच्या वयाबद्दलसुद्धा खोटं बोलायचा नाही, म्हणजे बघा. लॉयस आणि तो पोरवयापासून एका होडीत. पण ऑगस्ट लागला की लॉयस एकटा निघायचा. हर्शेल माझ्या दुकानात बसून कुरकुरायचा, "वर्षाचे अकरा महिने मी याचा जिवलग. बाराव्या महिन्यात मी कोण, पाहुणा?" हसतच म्हणायचा, पण ते त्याला लागायचं. मला दिसत होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ऑगस्टात लॉयस दुकानात आला आणि त्याने काउंटरवर एक गळ ठेवला. तुटलेला दोरा त्याला लटकत होता. दुकान माणसांनी भरलेलं होतं.

"हा मला पाण्यातल्या एका ओंडक्यात अडकलेला सापडला," लॉयस म्हणाला. "हर्शेल, गाठ तुझी दिसते."

"गाठी काय, सगळेच बांधतात."

"शेवटचा वेढा उलटा कुणी घालत नाही. तू डावरा आहेस, तू घालतोस."

हर्शेलचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. "देवासमोर सांगतो, लॉयस. मी तुझ्या मागे कधी गेलेलो नाही."

लॉयसने गळ उचलला. "बरं," म्हणाला. "तू डीकन आहेस. तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार." आणि गळ माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून गेला.

त्यानंतर ते दोघं एका होडीत दिसले नाहीत. चर्चमध्ये हात मिळवायचे, बायकामुलांची चौकशी करायचे. पण दोन माणसं विमा एजंटशी बोलावं तसं एकमेकांशी बोलायला लागली की बघवत नाही. लॉयस आता बाराही महिने एकटा जाऊ लागला. त्याची बायको नेल्डा एकदा मला म्हणाली, "वय झालं ग त्याचं. कुणीतरी बरोबर असायला हवं होतं." शाळेच्या जेवणघरात जन्म काढलेली ती बाई, गरजेपेक्षा जास्त बोलत नाही. तेवढंच बोलली आणि बर्फाची पिशवी उचलून गेली.

मग गेल्या वर्षीचा तो दिवस आला. ऑगस्ट संपत आला होता आणि वारा पडला होता. लॉयस उजाडण्याआधी धक्क्यावर आला, माझ्याकडून सँडविच घेतलं. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "मिल क्रीकला." एरवी ऊन तापायच्या आत तो परत यायचा. त्या दिवशी ऊन तापलं, धक्क्याच्या फळ्यांवर पाय ठेववेना, तरी त्याची होडी नाही. नेल्डाचा फोन आला.

"इमोजीन, आला का तो?"

"नाही ग. येईल आता."

"फोन लागत नाही. कुठे जातो म्हणाला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही."

नेल्डा धक्क्यावर आली, शेरीफचा माणूस आला, बातमी पसरली आणि ज्याच्याकडे होडी होती तो प्रत्येक जण आला. आधी सगळे मिल क्रीकला गेले, कारण कुठून तरी सुरुवात करायची होती. तिथे कुणी नव्हतं. मग तर्क सुरू झाले. "तो वर म्हणतो म्हणजे खाली गेला असणार," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "आपण असं समजणार हे त्याला माहीत आहे. म्हणजे वरच." कुणीतरी हसलं, आणि नेल्डा तिथेच उभी आहे हे दिसल्यावर सगळेच खाली बघायला लागले. आमचा जलाशय म्हणजे फरशीवर सांडलेलं दूध आहे. कुठकुठल्या फटीत शिरलं आहे याचा पत्ता नाही. कुणी म्हणे मी त्याला धरणाकडे जाताना पाहिलं, कुणी म्हणे पुलाखाली. प्रत्येक वेळी होड्या धावायच्या आणि रिकाम्या परतायच्या. वर सूर्य तसाच.

शेवटी शेरीफचा माणूस ओरडला, "अंदाज बंद करा! एकेका अंदाजापायी मी चारचार होड्या घालवतोय. कुणाला नक्की माहीत असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा."

हर्शेल माझ्या बर्फाच्या पेटीला टेकून उभा होता. हातात थंड पेयाचा डबा होता, तो त्याने उघडलाच नव्हता. आम्ही सगळे पाण्याच्या मोठ्या पसाऱ्याकडे बघत होतो आणि हा एकटाच भलतीकडे बघत होता. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. नेल्डालाही खटकलं असावं. ती चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हर्शेल," ती म्हणाली. बस, एवढंच.

त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग जागा सांगितली. ती जागा मी इथे लिहिणार नाही, तेव्हा वाट बघू नका.

"कशावरून?" शेरीफच्या माणसाने विचारलं.

"मला माहीत आहे."

"सकाळपासून इथे प्रत्येकालाच माहीत आहे."

हर्शेलने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. त्यात त्याच्या चर्चमधले निम्मे लोक होते. "माझ्या कुरणाच्या टेकडीवरून मी त्याला दुर्बिणीतून बघतो," तो म्हणाला. "दर ऑगस्टात. एकदा त्याच्या मागे जाऊन तिथे गळही टाकला. तो गळ माझाच होता, गाठही माझीच होती. मी देवासमोर खोटं बोललो." तो थांबला नाही. "आज पहाटेही बघितलं. आत जाताना बघितलं. मग मी कुंपण दुरुस्त करायला गेलो. बाहेर येताना नाही बघितलं."

त्याच्या हातातला डबा तोवर पार कोमट झाला असेल. खरं सांगते, मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इतका वेळ हा माणूस उभा होता आणि स्वतःच्या अब्रूला वारा घालत होता! नेल्डाला माझ्याहून जास्त हक्क होता रागवायचा. पण ती म्हणाली, "मग उभा काय राहिलायस? बस होडीत."

पुढचं मी परत आलेल्यांकडून ऐकलं. चारपाच जणांनी सांगितलं आणि सगळ्यांचं सांगणं जुळलं, आमच्याकडे हे क्वचित घडतं.

लॉयस होडीच्या तळाशी पडला होता. चेहरा विटेसारखा, ओठ फुटलेले, घाम येणंही थांबलेलं. उजवा पाय काठावरून बाहेर, पोटरीपर्यंत पाण्यात. मोठी मादी गळाला लागली म्हणून तो उभा राहिला असावा आणि उन्हाने भोवळ येऊन पडला असावा. गळाची काठी बाकाखाली अडकलेली, दोरा ताठ खाली गेलेला. हर्शेल उडी मारून त्याच्या होडीत गेला, टोपीने पाणी उपसून त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतायला लागला. ते पाणी गार होतं, म्हणतात. इतकं गार की हात घातलेले दचकले.

लॉयसने डोळे उघडले. समोर कोण आहे ते बघितलं. कुठे आहोत तेही त्याला कळत असणारच.

"मासा आहे," तो म्हणाला.

"गप्प पड."

"मोठी आहे. दम संपत आलाय तिचा." जीभ जड झाली होती त्याची. "आधी तिला सोड."

बाकीच्यांनी लॉयसला उचलून शेरीफच्या वेगवान होडीत घेतलं. आणि हर्शेल गुडघ्यांवर बसला, दोरा गुंडाळला, तिच्या जबड्यातून गळ काढला आणि दोन्ही हातांनी तिला त्या गार पाण्यात धरून बसला. तिकडे इंजिन सुरू झालं, लोक ओरडत होते, पण हा हलला नाही. लॉयस पडल्यापडल्या मान वळवून बघत होता. तिने शेपटी मारली तेव्हाच त्याने डोळे मिटले. वजन कुणी केलं नाही. किती मोठी होती म्हणून हर्शेलला विचारलं की तो हात पसरतो, जरा विचार करतो, आणि हात खिशात घालतो.

लॉयसला रुग्णवाहिकेत घातलं, नेल्डा त्याच्याबरोबर गेली. उरलेले आम्ही धक्क्यावर उभे होतो. आनंद तर होताच, पण माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. इतक्या होड्या, इतके डोळे. सगळ्यांनी जागा बघितली, पाण्यात हात घालून बघितले. शनिवारी तिथे जत्रा भरणार. म्हातारा जगला तरी आता तो कशासाठी उठून बसणार होता? मला रडू येत होतं, आणि चिडून मी कुणाच्या तरी चहात दुप्पट साखर घातली.

तेवढ्यात जिल्ह्याच्या साप्ताहिकाची मुलगी आली. तरुण पोर, बाहेरून आलेली. "मिस्टर टिडवेल नेमके कुठे सापडले?" तिने विचारलं.

मग हर्शेल पुढे आला. गुडघे अजून ओलेच होते त्याचे.

"मिल क्रीकला," तो म्हणाला. "वरच्या अंगाला."

मुलीने शेरीफच्या माणसाकडे बघितलं. त्याला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. "हो ना?" तिने बाकीच्यांना विचारलं. "हो, हो, मिल क्रीकलाच," सगळे म्हणाले. एकाने तर तिथे जायचा रस्ताही समजावून सांगितला.

रविवारी हर्शेल चर्चमध्ये उभा राहिला, खोट्या शपथेचं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि डीकनपद सोडलं. बाहेर पडताना कुणीतरी त्याला टोकलं, "आणि त्या पेपरवाल्या पोरीला सांगितलंस ते?" हर्शेल म्हणाला, "त्याचं माझं मी देवाशी बघून घेईन. तुम्ही मध्ये पडू नका."

लॉयस वाचला, पण पक्षाघाताने डावा हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण धरलेलं सुटतं. इस्पितळात नेल्डाने त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे गाठ त्याचीच होती," आणि खिडकीकडे तोंड केलं. घरी आल्यावरही हर्शेलचं नाव काढेना. हर्शेल पहाटे त्यांच्या ओसरीवर टोमॅटो नाहीतर भेंडी ठेवून जायचा, दार वाजवायचा नाही. नेल्डा भेंडी तळायची, लॉयस मुकाट्याने खायचा. मला हे असह्य झालं. एका दुपारी मी ते साप्ताहिक घेऊन त्यांच्याकडे गेले.

लॉयस ओसरीवर बसला होता. खांदे उतरले होते. मला बघून त्याने विचारलं, "आता तिथे किती होड्या असतात रोज?"

"एकही नाही."

"खोटं नको बोलूस, इमोजीन. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू."

"धक्क्यावर दिवसभर मी बसते की तू? कोण कुठे वळतं ते मला दिसतं. त्या बाजूला एकही होडी वळलेली नाही." मी पेपर त्याच्या मांडीवर ठेवला. "आणि हे वाच."

त्याने वाचलं. ओठ हलवत, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मिल क्रीक," तो म्हणाला. "हे कुणी सांगितलं हिला?"

"हर्शेलने."

"डीकन हर्शेलने?"

"डीकन नाही आता. सोडलं त्याने."

"आणि हे त्या पोरीच्या तोंडावर सांगितलं?"

"तोंडावर. पापणी हलली नाही त्याची. तुझ्यापेक्षा बरं जमलं."

लॉयस हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, आणि उजव्या हाताने चेहरा पुसत राहिला. डावा हात पेपरवर तसाच पडून होता. मी बघायचं नाही म्हणून रस्त्याकडे बघत बसले, पण माझंही धड नव्हतं. आत नेल्डाने भांडी वाजवायचं थांबवलं होतं.

"त्याला म्हण, शनिवारी पहाटे ये," तो शेवटी म्हणाला. "होडी त्याने चालवायची. मासा लागला तर सोडायचाही त्यानेच. माझ्याच्याने आता दोन्ही हातांनी धरवणार नाही."

"सांगते. आणि जाणार कुठे?"

लॉयसने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं काउंटरच्या पलीकडून बघत आला तसंच, तोंडावरची सुरकुतीही न हलवता.

"मिल क्रीकला," म्हणाला. "वरच्या अंगाला."

मी पर्स उचलली आणि आत जाऊन नेल्डाला सांगितलं, तुझा नवरा बरा झाला.